टिप्प! इवलीची गादी काळी झाली

घाटाखाली एक गॅरेज. गॅरेजात एक म्हातारा ट्रक. ट्रकखाली एक जुना टायर. टायरात राहायची इवली उंदरीण आणि तिचं एवढुसं पिल्लू. पिल्लाचे डोळेसुद्धा उघडले नव्हते.

एकदा काय झालं? वरून पडलं टिप्प. काळं काळं तेल. कापसाची पांढरी गादी काळी झाली. पुन्हा टिप्प. थेंब पिल्लाच्या नाकाशीच पडला. इवलीने पिल्लाला आत ओढलं. पिल्लाला बाहेर न्यावं, तर बाहेर मनीमावशी.

ड्रायव्हर सोपाननानाला वाटलं, ट्रकला दृष्ट लागली. त्याने लिंबू-मिरची बांधली. वरून नवं तेल ओतलं. वरून ओतलं, खालून गळलं. टिप्प टिप्प.

इवली म्हणाली, "ट्रकआजोबा, गळू नका. पिल्लू माझं झोपेना."

ट्रक म्हणाला, "पोटाखालचा कुठलातरी बोल्ट ढिला झालाय. पाना आवळेल, तर मी थांबेन."

तुरुतुरु तुरुतुरु. इवली गेली पान्याकडे.

"पानेदादा, बोल्ट आवळा. ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

पाना म्हणाला, "इलाहीचाचा उठतील, तर मी आवळेन."

तुरुतुरु तुरुतुरु. इलाहीचाचा मिस्त्री चहा पीत बसले होते. केवढे मोठे त्यांचे बूट! इवली लांबच उभी राहिली.

"चाचा, उठा ना. पाना आवळेना, ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

चाचा म्हणाले, "गळतंय कुठनं, ते दिसल्याबिगर मी हात लावत न्हाई. ट्रकखाली पुठ्ठा यील, त्यावर ठिपका पडंल, मग मी उठीन."

तुरुतुरु तुरुतुरु. पुठ्ठा होता दारापाशी.

"पुठ्ठेभाऊ, या ना. चाचा उठेना, पाना आवळेना, ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

पुठ्ठा हळूच म्हणाला, "माझ्यावर कोण झोपलंय बघ. मनी हलेल, तर मी येईन."

बाप रे! मनीमावशी! इवली डब्याआड लपली. तिथूनच म्हणाली,

"मनीमावशी, हला ना. पुठ्ठा येईना, चाचा उठेना, पाना आवळेना, ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

मनीने एकच डोळा उघडला. "कोण बोलतंय? जरा जवळ ये."

इवली काही जवळ गेली नाही.

मनी म्हणाली, "गार वाजतंय मला. ऊन पडेल, तर मी हलेन."

तुरुतुरु तुरुतुरु. इवली उन्हाकडे पळाली.

"ऊनदादा, आत पडा. मनी हलेना, पुठ्ठा येईना, चाचा उठेना, पाना आवळेना, ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

ऊन म्हणालं, "दारावर ताडपत्री आहे. ती सरकेल, तर मी पडेन."

ताडपत्री वाजत होती फडफड फडफड.

"ताडपत्रीताई, सरका. ऊन पडेना, मनी हलेना, पुठ्ठा येईना, चाचा उठेना, पाना आवळेना, ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

ताडपत्री म्हणाली, "दोरीने बांधलंय मला. दोरी सुटेल, तर मी सरकेन."

दोरी कुठे होती? मनीच्या अगदी डोक्यावर!

इवली वर चढली. खाली बघितलं. मनीच्या मिशा हलत होत्या. इवली जरा मागे सरकली. पण तिकडे वाजलं टिप्प.

"दोरीबाई, सुटा. ताडपत्री सरकेना, ऊन पडेना, मनी हलेना, पुठ्ठा येईना, चाचा उठेना, पाना आवळेना, ट्रक थांबेना, पिल्लू माझं झोपेना."

दोरी बोललीच नाही. दोरीला तोंडच नव्हतं.

इवलीला होतं. तोंडात दातही होते. कुर्र कुर्र. कुर्र कुर्र. मनीने दुसरा डोळा उघडला. कुर्र कुर्र... तट्!

दोरी तुटली, ताडपत्री सरकली. ताडपत्री सरकली, ऊन पडलं. ऊन पडलं, मनी हलली, उन्हात जाऊन लोळली. पुठ्ठा आला, ठिपका पडला, चाचा उठले. पाना फिरला किर्र किर्र. बोल्ट घट्ट झाला, ट्रक थांबला.

चाचांना टायरात पिल्लू दिसलं. त्यांनी काळी गादी काढली आणि धुतलेली मऊ चिंधी घातली.

इवलीने कान टवकारले. टिप्प नाही. पुन्हा ऐकलं. टिप्प नाहीच.

पिल्लू झोपलं. इवलीही झोपली, पण एक डोळा उघडा ठेवून. मनीमावशी अजून उन्हात होती ना!