नितकोर भाकरीचा सराव पाठ

विषय: कुंभाराच्या लेकीने सराव पाठास साधन म्हणून भाकरी नेल्याबाबत.
संदर्भ: सदर लेकीचा विद्यावेतनाचा अर्ज.

उपरोक्त विषयी सांगण्यात येते की, फार पूर्वी, राजे वेश पालटून गावोगाव हिंडत आणि कागद मात्र जागचे हलत नसत त्या काळी, एका राज्यात गुरुजी घडवणारी एक शाळा होती. तिथे एका कुंभाराची लेक शिकत होती.

तिथली रीत अशी की, वर्गात पाठ घेण्याआधी त्याचे टाचण लिहायचे. डावीकडे आपण विचारायचा प्रश्न, उजवीकडे मुलाचे अपेक्षित उत्तर. मुलाने काय बोलावे हे मूल पाहण्याआधीच ठरत असल्याने शाळेचा कारभार सुरळीत चाले.

लेकीने पहिल्या पाठाला महिन्याच्या भाजीचे पैसे घालून रंगीत तक्ता केला. त्यावर अर्धे कलिंगड काढले आणि वर्गाला विचारले, "हे काय आहे?"

"उरलेलं कलिंगड," एक मुलगा म्हणाला.

टाचणात होते 'अर्धे कलिंगड'. पुढचा प्रश्न त्यालाच जोडलेला. लेकीने तोच प्रश्न चार वेळा विचारला, मुलाने तेच उत्तर चार वेळा दिले आणि घंटा झाली. मागे बसलेल्या तपासनिसांनी शेरा मारला: 'उत्तर बरोबर, परंतु अपेक्षित नाही. पाठ अनुत्तीर्ण.' दुसऱ्यांदा नापास झाल्यास नाव कमी होणार होते.

लेक कचेरीत कारकुनाकडे गेली. "भाऊसाहेब, माझ्या विद्यावेतनाचं काय झालं? आता तक्त्यालासुद्धा पैसे नाहीत."

"गरिबीचा दाखला कुठाय?"

"त्याला शुल्क पडतं. ते भरायला पैसे नाहीत."

"तसा अर्ज करा. पण शुल्क भरलंत तर गरीब कशा, हाही प्रश्न येईल. विचार करून या."

तिच्या खोलीत सराफाची मुलगी राहत असे. ती म्हणाली, "रडतेस काय, येडे? माझा तक्ता ने. आणि मुलांना आदल्या दिवशी गूळ-शेंगदाणे देऊन उत्तरं पढवून ठेव. सगळे तेच करतात. गूळ माझ्याकडून."

"मग मी शिकवणार काय?"

"तू पास होणार. शिकवायला पुढं जन्म पडलाय."

गूळ चांगला होता, मैत्रीणही चांगली होती. पण उत्तर पढवलेल्या मुलाला प्रश्न विचारायचा, म्हणजे भरलेल्या मडक्यावर झाकण ठेवून त्यात पाणी ओतायचे. कुंभाराच्या घरात एवढे कळते. "गूळ तूच खा," ती म्हणाली आणि टाचणात साधनापुढे लिहिले: 'भाकरी, नग एक.' ती तिची दुपारची होती.

वर्गात पंधरा मुले होती. तिने भाकरीचे चार भाग केले. "यातल्या एकाला काय म्हणायचं?"

"चतकोर," पुढची मुलगी म्हणाली.

टाचणात होते 'एक चतुर्थांश'. तपासनिसांची लेखणी वर झाली. लेकीने एकदा टाचणाकडे पाहिले, एकदा मुलीकडे, आणि टाचण पालथे घातले.

"बरोबर. चतकोर. चारातला एक." तिने ते फळ्यावर लिहिले. "आता चतकोरचे दोन केले तर?"

"नितकोर," सगळा वर्ग ओरडला.

"आठातला एक. आणि नितकोरचे दोन?"

कलिंगडवाला मुलगा म्हणाला, "त्याला नाव नाही, बाई. एवढी कमी कुणी वाढत नाही."

मुलांबरोबर लेकही हसली. "मग आपणच नाव ठेवू. सोळातला एक, म्हणजे एक सोळांश."

पंधरा मुले आणि बाई, सोळा तुकडे बरोबर वाटले गेले. तेवढ्यात पुढची मुलगी म्हणाली, "मागचे आजोबा राहिले."

"मग आता?"

"तुमच्यातला अर्धा द्या त्यांना. एक... बत्तिसांश."

हे उत्तर कुणाच्याच टाचणात नव्हते. तपासनिसांनी आपला बत्तिसांश खाल्ला आणि शेरा लिहिला: 'पाठ उत्तीर्ण. साधन संपले. मीठ किंचित कमी.'

दुसऱ्या दिवशी मुलांनी आपापल्या फडक्यांतून बाईंसाठी एकेक नितकोर आणली आणि तिलाच बेरीज करायला लावली. ती पावणेदोन भाकऱ्या आणि वर एक नितकोर भरली. सराफाच्या मुलीने गूळ काढला आणि दोघी पोटभर जेवल्या.

तात्पर्य, मुलांनो, पाठ करू नका, नुसते लक्षात असू द्या: हात रिकामा असला आणि एकदा आपटी खाल्ली, तरी जवळ असेल ते घेऊन उभे राहावे, आणि दुसऱ्याच्या तोंडात आपले उत्तर कोंबण्याऐवजी त्याचे ऐकावे.

अर्जाबाबत: बेरजेची वार्ता कचेरीत पोहोचल्याने 'अर्जदारास भाकरीरूपाने उत्पन्न आहे काय, खुलासा व्हावा' अशी पृच्छा झाली. खुलासा सादर केला आहे. अर्ज विचाराधीन आहे.