महाराजांनी खाज ठेवून घेतली

श्री सोमगिरी महाराजांचा मुक्काम त्या साली खानदेशात, करंजखेडे या गावी होता. कार्तिक सरून थंडी पडू लागली होती. तिकडची थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा उलतात, हातावरून नख ओढलं की पांढरी रेघ उमटते. गावाबाहेर तेल्याचा एक बंद पडलेला घाणा होता, त्याच्या छपराखाली महाराज राहत. ते अंगारा देत नसत, ताईत बांधत नसत. कुणी दुखणं घेऊन गेलं की आधी विचारत, "जेवतोस काय? झोप लागते का?" चमत्काराच्या आशेने आलेली माणसं हिरमुसून परत जात. पण महाराजांचं देणं कुणाला कुठल्या वाटेने मिळेल, हे आधी कधी कुणाला कळलं आहे?

याच गावात सगुणा नावाची एक तरुण बाई होती. नवरा हंगामभर जळगावला कापसाच्या जिनिंगवर. घरी ती, तिची सासू आणि नुकती बसू लागलेली लेक तुळसा.

तुळसाच्या अंगावर इसब उठलं होतं. आधी गालांवर लाली आली, मग ती खरखरीत झाली, मग ओली. मागून कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या घड्या, कानांमागची जागा. कडेवर घेतली की पोर आईच्या खांद्याला गाल घासत राही. डोळा लागला असं वाटावं आणि तेवढ्यात तिचा हात कानामागे जावा! सगुणाने तिच्या हातांना कापडाच्या पिशव्या बांधल्या होत्या. रोज सकाळी ती लेकीला दाराच्या उजेडात नेऊन न्याहाळी. कालचा चट्टा किती पसरला, नवा कुठे आला. गावातल्या प्रत्येकाकडे एक कारण तयार होतं. कुणी म्हणे, गरोदरपणी वांगी खाल्लीस. कुणी म्हणे, तुझं दूधच बाधतंय. सगुणाने वांगी सोडली, डाळ सोडली, ताक सोडलं, शेवटी नुसत्या भाकरीवर आली. पोरीचं अंग होतं तसंच.

अखेर ती महाराजांकडे गेली. महाराजांनी तुळसाचं झबलं काढायला लावलं आणि बराच वेळ निरखून पाहिलं.

"लंगोट बांधतेस ती जागा स्वच्छ आहे," महाराज म्हणाले.

"होय महाराज. तिथं काहीच नाही. मलाही नवल वाटतं."

"नवल कसलं? तिथं ओल टिकते आणि हिचं नख पोचत नाही. बाकीच्या अंगाला तेवढंच हवंय."

मग महाराजांनी सांगितलं. पाणी कोमट, कढत नाही. डाळीचं पीठ, साबण, घासणं बंद. पटकन न्हाऊ घालायचं, पुसायचं नाही, टिपायचं, आणि अंग दमट आहे तोवरच खोबरेल चोपडायचं. न्हाणं नसेल तेव्हाही चोपडायचं. अंगाला लोकर लागू द्यायची नाही, धुऊन धुऊन मऊ झालेलं जुनेर घालायचं. नखं वाढू द्यायची नाहीत.

"आणि पोरी, तू जेव. तुझ्या दुधात काही खोट नाही."

"मग हे जाईल ना, महाराज?"

"कमी होईल. परत येईल. परत कमी होईल. थंडीत जोर करेल. मोठी होता होता बहुतेक मुलांचं विरतं." सगुणा अजून हात पसरूनच बसलेली पाहून महाराज हसले. "अंगारा हवा होता ना? अगं, तोसुद्धा टोचेल तिला!"

सगुणाने सांगितलं तसं केलं. काही दिवसांत गालांची ओल आटली, लाली फिकी झाली. पोर थोडी झोपू लागली.

तेवढ्यात एकादशी आली. रामाच्या देवळात दुपारी भजन होतं. सगुणा सासूबरोबर तुळसाला घेऊन गेली. देवळाचे पुजारी दिगंबरपंत. शास्त्र शिकलेले, पूजेत काटेकोर. पण आपल्याएवढं शुद्ध गावात कुणी नाही, हा अभिमान मोठा. दिवसातून तीनदा कढत पाण्याने न्हात आणि पूजा आटोपली तरी सोवळ्याची लोकरी धाबळीच नेसून असत, अशी जाड की हाताला बोचावी.

"थांब!" पंत पायरीवरूनच गरजले. "ही खरजुली पोर घेऊन कुठे निघालीस?"

"पंतकाका, खरूज नाही हो. महाराज म्हणाले, इसब आहे. कुणाला लागत नाही."

"महाराज म्हणाले! कोण, तो घाण्यावरचा गोसावी? न्हाऊ कसं घालावं आणि नखं कधी कापावी, हे सांगत बसतो म्हणे. संत आहे का सुईण?"

मंडळी हसली. बायकांनी आपापली पोरं पदराखाली ओढली. पंत पुढे म्हणाले, "पोर स्वच्छ झाल्याशिवाय या पायरीवर पाय ठेवायचा नाही. कळलं?" बोलता बोलता ते एका पायाची टाच दुसऱ्या नडगीवर घासत होते. सगुणाला ते दिसलं. ती लेकीला घेऊन मागे फिरली.

सासूला मात्र ते शब्द फार लागले. "माझी नात घाण म्हणे! दाखवतेच त्यांना." दुसऱ्या दिवशी सगुणा पाण्याला गेलेली पाहून म्हातारीने कढत पाणी काढलं आणि डाळीच्या पिठाने पोरीला लख्ख होईतो चोळलं. मायेनेच चोळलं. सगुणा परत आली तो तुळसाचा आवाज बसला होता आणि अंग कच्च्या जखमेसारखं लाल झालं होतं. पुढल्या दिवसांत चट्ट्यांवर पिवळ्या खपल्या धरल्या, अंग तापलं, आणि एका सकाळी पोरीने दूध पिणं सोडलं.

सगुणा पोरीला घेऊन धावतच घाण्यावर गेली. मागोमाग सासू रडत आली, "माझेच हात झडोत गं."

महाराजांनी पोरीच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला, खपल्या पाहिल्या. "म्हातारे, रडू नकोस. पू धरलाय आणि ताप आहे. आता हे तेलापाण्याचं काम राहिलं नाही. सगुणा, तालुक्याच्या दवाखान्यात आत्ताच्या आत्ता नीघ."

"शेजारचे नथूकाका गाडी जुंपतायत, महाराज. पण दुपारपर्यंतची वाट आहे. ही अशी ओरबाडतेय, पिशव्या फाडल्या हिने. पोचेपर्यंत अंगावर कातडी राहायची नाही हो!"

महाराज पुढे सरकले. मग त्यांनी तुळसाची दोन्ही मनगटं आपल्या हातात धरली.

"दुखणं घेऊन जा, ते डॉक्टरला दाखवावं लागेल. खाज तेवढी इथे ठेव."

आणि काय सांगावं! पोरीचे हात सैल पडले. खपल्या तशाच होत्या, तापही तसाच. पण इतके दिवस एका जागी न ठरलेलं ते लेकरू मान टाकून शांत पडलं. सगुणा घाबरली, नाकाशी बोट धरून पाहिलं. श्वास नीट चालला होता.

"उभी काय राहिलीस? नीघ!" महाराज म्हणाले, आणि त्यांचा हात आपल्या कानामागे गेला.

तालुक्याच्या डॉक्टरांनी जखमा धुतल्या, पुवावर औषध सुरू केलं आणि पोरीला ठेवून घेतलं. एक मलम लाल जागांवर पातळ लावायला, सांगितले तेवढेच दिवस. दुसरं साधं, तुपकट, सगळ्या अंगाला, रोज. "इसबच आहे. कुणाला लागत नाही," ते म्हणाले. "पण बाई, एवढं असून ही खाजवत कशी नाही?" सगुणाने हात जोडले.

इकडे महाराजांना बसवेना. गाल, कोपरं, गुडघ्यांच्या मागे, कानांमागे. हात थांबत नव्हता. जेवणाचा घास मध्येच राही. भक्त कळवळले, "महाराज, सोडा हो ते!" महाराज म्हणायचे, "पोरीच्या जखमा भरू देत."

ही बातमी दिगंबरपंतांच्या कानी गेली. चार माणसं घेऊन ते घाण्यावर आले. "बघा, बघा! खरूज लागली ना संताला? बुवा, आजच्या आज गाव सोडा."

"पंत, जवळ या," महाराज म्हणाले. "कुठे काही दिसतं का बघा."

पंतांनी वाकून पाहिलं. महाराजांच्या अंगावर पुरळ नव्हतं, चट्टा नव्हता. त्वचा नितळ होती, आणि खाजवण्याच्या जागा नेमक्या तुळसाच्याच. पंत काही बोलणार, तोच महाराजांनी एकदम आपली नडगी धरली आणि दोन्ही हातांनी खाजवू लागले.

"अरेच्चा! पोरीच्या नडगीवर तर काही नाही. हे कुणाचं आलं?"

पंत जागच्या जागी थिजले. कित्येक वर्षं धाबळीच्या आत जे दिवसरात्र जळत होतं, जे त्यांनी बायकोलाही नीट दाखवलं नव्हतं, ते थांबलं होतं. टाच उचलावीशीच वाटेना. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी धाबळी वर केली. दोन्ही नडग्यांवर काळपट, जाड, भेगाळलेले चट्टे होते. बरोबरची माणसं दोन पावलं मागे सरली.

"सरकू नका," महाराज म्हणाले. "लागत नाही, हे सगुणाने सांगितलं होतं ना? पंत, मी हे संध्याकाळपर्यंतच धरीन. खाजेशिवाय माणूस कसा असतो, एवढं कळण्यापुरतं. पुढे तुमचं तुम्ही सांभाळायचं. कढत पाणी सोडा. ही धाबळी सोडा."

"महाराज, सोवळं कसं सोडू?"

"धुऊन वाळवलेलं सुती नेसा. रामाची काही तक्रार नाही. बोचणारं अंगावर घालून तुम्ही देवाला नाही, लोकांना दाखवत होता."

पंत मान खाली घालून गेले.

तुळसाचा ताप उतरला, जखमा सुकल्या, आणि सगुणाची गाडी थेट घाण्यापाशी येऊन थांबली. महाराजांनी पोरीची मनगटं पुन्हा हातात घेतली. "तुझी ठेव घे, सगुणा. थोडीच उरली आहे. सांभाळता येईल."

पंत तिथे आधीच येऊन बसले होते. अंगावर साधं सुती धोतर, नडग्या तेलाने माखलेल्या. ते उठले आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझ्या नव्हे, पंत. पायरी कुणाला बंद केली होती?"

पंत वळले. सगुणाच्या मांडीवर तुळसा बसली होती, हात मोकळे, पिशव्या नसलेले. "पंतकाका, अहो हे काय करता!" सगुणा संकोचून म्हणाली. तोवर पंतांनी त्या लेकराच्या पायांशी माथा टेकला होता.

तुळसाने त्यांची शेंडी पाहिली आणि दोन्ही मुठींनी घट्ट धरली. सगुणा सोडवायला गेली, तर पंतांनी हातानेच तिला थांबवलं. पोरीने आपणहून सोडली, तेव्हाच त्यांनी मान वर केली.