न लागलेलं दही

डोंगर आजच्याहून उंच होते असं म्हातारी माणसं सांगतात, त्या काळातली ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच लक्ष देऊन ऐकावी.

एका पठारावर गवळ्यांची बारा घरं होती. सगळ्यांच्या म्हशींचं दूध संध्याकाळी एकाच मोठ्या डेऱ्यात जमा व्हायचं. सगुणा नावाची बाई त्याला विरजण लावायची. तिच्या हातचं दही सुरीनं कापावं इतकं घट्ट लागायचं.

त्या वस्तीत भिवबा सर्वांत वडील. सगळे त्यांना आबा म्हणत. त्यांचा शब्द कुणी मोडत नसे, आणि दूधही त्यांच्याच घरचं सर्वांत जास्त असे.

एकदा त्यांच्या म्हशीची कास सुजून दगडासारखी कडक झाली. घाटाखालून वैद्य आला. त्यानं औषध दिलं आणि बजावलं, "औषध जालीम आहे, म्हैस बरी होईल. पण त्याचा अंश दुधात उतरतो. सात दिवस हिचं दूध सांडून द्या. माणसाच्या पोटात जाऊ देऊ नका."

दोन दिवस आबांनी दूध सांडलं. तिसऱ्या दिवशी शेजारी सहज बोलून गेला, "आबा, तुमच्या घरचं दूध आटलं की काय?"

बोल साधाच होता, पण आबांना लागला. त्यांनी दूध हुंगलं. वास गोड होता, रंग पांढराशुभ्र होता. 'एवढ्यानं काय होतंय,' असं म्हणून त्यांनी ते डेऱ्यात ओतायला दिलं, आणि पुढेही रोज देत राहिले.

सकाळी दही लागलं नव्हतं. डेऱ्यात नुसतं पातळ दूध हलत होतं.

सगुणानं डेरा घासला, उन्हात तापवला. दुसऱ्या वस्तीवरून नवं विरजण आणलं. तरी दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. बायका कुजबुजू लागल्या, "हिच्या हाताचं यश गेलं." ती पाण्यावर आली की घागरी उचलून निघून जाऊ लागल्या.

शेवटी सगळे आबांकडे आले. "आबा, तुम्हीच सांगा, काय करावं?"

आबांना सगळं ठाऊक होतं. सगुणा समोरच उभी होती. तिच्याकडे न बघता ते म्हणाले, "हात बदलून बघा."

सगुणा रडली नाही. एवढंच म्हणाली, "आज शेवटचं लावू द्या. उद्या डेरा घेऊन जा."

त्या संध्याकाळी दूध डेऱ्यात ओतण्याआधी तिनं प्रत्येक घरच्या दुधातलं पळीभर वेगळं काढलं. बारा घरांची बारा गाडगी. सगळ्यांना विरजण एकच, सगळ्यांना चुलीशेजारची ऊबही एकच.

सकाळी सगळी वस्ती जमली. सगुणानं एकेक गाडगं तिरकं केलं. अकरा गाडग्यांतलं दही जागचं हललं नाही. बाराव्यातलं दूध पाण्यासारखं जमिनीवर वाहिलं.

"हे कुणाच्या घरचं?" लोकांनी विचारलं.

"मला माहीत आहे," सगुणा म्हणाली. "पण आळ आला की कसं वाटतं, तेही मला माहीत आहे. ज्याचं आहे त्यानंच सांगावं."

मग एकजण म्हणाला, "त्या टोकाच्या घरचं असेल. त्यांची भांडी कुठे स्वच्छ असतात!"

टोकाच्या घरची म्हातारी कावरीबावरी झाली. हात जोडून म्हणाली, "नाही हो, मी राखेनं घासते..."

आबांना तिच्याकडे बघवेना. पुन्हा एकदा गप्प बसणं त्यांना सहज जमलं असतं. पण आबा पुढे आले. ते म्हणाले, "माझ्या घरचं आहे. औषधाचं दूध आहे. वैद्यानं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही."

कुणी त्यांना शिवी दिली नाही. आयांनी फक्त आपापली लेकरं जवळ ओढली. तीन दिवस तीच लेकरं डेऱ्यातलं ते न लागलेलं दूध पीत होती.

म्हैस बघायला आलेल्या वैद्याला हे कळलं. तो म्हणाला, "काहींच्या अंगाला असं दूध सोसत नाही. आणि जनावराचं औषध असं नकळत पोटात जात राहिलं, की रोग त्याला सरावतात. मग खऱ्या दुखण्याला तेच औषध लागू पडत नाही. दही लागलं नाही हे तुमचं नशीब, नाहीतर कळलंच नसतं."

आबा सगुणापुढे आले. "पोरी, तुला हवी ती शिक्षा मला दे."

"शिक्षा काय देऊ, आबा?" ती म्हणाली. "दूध ओतलंत ते दुधाच्या मोहानं असेल. पण हात बदला म्हणालात, तेव्हा माझे हात तुमच्यासमोरच होते."

आबांनी मान खाली घातली. त्या दिवशी ते घरोघर गेले आणि प्रत्येक उंबऱ्यावर म्हणाले, "सगुणाच्या हाताचा दोष नव्हता. माझा होता." लोकांनी त्यांना बसायला घोंगडं टाकलं, पाणी दिलं. आबा कुठेच बसले नाहीत. वस्तीनं पुढेही त्यांना मान दिला, पण सल्ला विचारायला त्यांच्या दारी पुन्हा कुणी आलं नाही.

तात्पर्य : आपली चूक लपवणं वाईटच, पण तिचा आळ दुसऱ्यावर येताना गप्प राहणं त्याहून वाईट.