मुका खुळखुळा

गाडगेवाडीच्या समाजमंदिरात महिन्याच्या पहिल्या रविवारी तान्ह्या पोरांचे आईबाप जमतात. ढोलकी वाजते, अंगाई म्हणतात, मातीत हात घालतात. पण त्याच्याही आधी प्रत्येक घराला एक भाजलेला खुळखुळा मिळतो, आणि तो वाजत नाही. पाहुण्यांनो, उगाच कानाशी नेऊ नका. फुटका नाही तो, मुद्दामच तसा भाजलाय. का, ते ऐका. मोबाईल जरा खिशात राहू द्या.

ही वाडी कुंभारांची. फार मागं इथं ठकू नावाची कुंभारीण राहायची, असं सांगतात. देवीच्या साथीत तिची दोन्ही पोरं चार दिवसांच्या अंतरानं गेली. ठकूच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. लोक म्हणाले, बाई काळजाची घट्ट. कसली घट्ट! पार बधिर झाली होती बिचारी. उठायची, माती तुडवायची, भाकरी थापायची. तव्याचा चटका बसला तरी हात काढायला उशीर व्हायचा. तिचं बोलणं मात्र त्या आठवड्यात बंद झालं ते झालंच.

वर्ष सरलं आणि तिला मुलगी झाली. नाव ठेवलं यमू. ठकू तिला न्हाऊ घालायची, पदराखाली घ्यायची, सगळं वेळच्या वेळी. पण एक शब्द नाही. लेकीकडे बघून तिला काही वाटायचंच नाही. माया नाही, राग नाही, आणि वाटत नाही याचं दुःखसुद्धा नाही. हळूहळू पोरगीही तशीच व्हायला लागली. आधी रडायची थांबली, मग दूध ओढायचीही थांबली. दोन महिन्यांत पोरीच्या बरगड्या दिसायला लागल्या. ही पण जाणार, असं वाडीनं मनाशी धरलं होतं.

ठकूची सासू आवडाबाई तोंडाची फटकळ, पण जिवाला जीव देणारी. ती म्हणाली, "अगं, पोर तुझा आवाज शोधतंय. तुझ्यानं बोलवत नाही ना? नको बोलूस. खुळखुळा कर, तुझ्या बदली तो बोलेल."

ठकूनं केला. पोकळ गोळ्यात मातीच्या बारक्या गोळ्या घालायच्या, पण आधी राखेत घोळवून, नाहीतर त्या ओलेपणी आत चिकटून बसतात. कुंभाराच्या घरचं शेंबडं पोरही हे विसरत नाही. शंभर खुळखुळे केलेली ठकू विसरली.

भाजणीचा आवा निवला, आवडाबाईनं खुळखुळा काढून तिच्या हातात दिला. ठकूनं तो यमूसमोर हलवला. आवाज नाही. पुन्हा हलवला. यमूचे डोळे हाताबरोबर फिरले आणि मग आईच्या तोंडावर येऊन थांबले. ठकू नुसती हलवत राहिली. किती वेळ, कोण जाणे. आवडाबाई दारात उभी होती, जीव मुठीत धरून.

मग ठकूच्या तोंडून आलं, "खुळ."

चिरका, कोरडा आवाज. यमूनं मान वळवली. "खुळ, खुळ," ठकू म्हणाली. पोरीनं तोंड उघडलं. ठकूनं तिला पदराखाली घेतलं आणि मुका खुळखुळा हलवत तेच म्हणत राहिली. पोरगी दूध ओढायला लागली.

काही लोक सांगतात, तिला पान्हा फुटला, डोळ्यांना धारा लागल्या. छे हो, सगळं मागून चिकटवलेलं. ठकूला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. दिवसातून आठ वेळा ती खुळ, खुळ म्हणायची आणि लेक प्यायची. रडू आलं ते यमू भिंत धरून उभी राहिली तेव्हा. तोवर नुसताच आवाज होता, आणि त्यावर पोर जगली.

आजही इथं पहिला खुळखुळा बिनराखेचाच भाजतात. आवाज आईबापांनी तोंडानं काढायचा, बापांनाही सूट नाही. लाजतात, हसतात, पण काढतात. एखादी आई मात्र गप्पच बसते. तिला कुणी 'बोल की गं' म्हणत नाही, 'काय झालं' असंही विचारत नाही. शेजारची बाई तिच्या हातात खुळखुळा ठेवते, बाळाचं तोंड तिच्याकडे वळवून धरते, आणि बाकी सगळे ढोलकी न वाजवता थांबतात.