मिशीला कोणाचा हात लागला?

"सुभाना, तुझं काम कच्चं आहे!"

तांबेगडचे गजेंद्रराव महाराज उजव्या मिशीला पीळ देत गरजले. "सकाळी दोन्ही टोकं सारखी करून जातोस आणि दुपारपर्यंत उजवं डोळ्याकडे चढतं, डावं हनुवटीवर लोंबतं. पाहुणे हसतात आम्हाला. उद्या दुपारच्या तोफेपर्यंत मिशी केसभर जरी खालीवर झाली, तर तुझी धोपटी जप्त!"

सुभाना न्हाव्यानं धोपटी पोटाशी ओढली. तीन पिढ्यांचे वस्तरे होते त्या धोपटीत. शिवाय राजानं कच्चा ठरवलेल्या न्हाव्यापुढे गावात कोण डोकं वाकवणार? पण सुभाना गडी बेरका. महाराजांचा हात कुठे आहे, हे त्यानं खाली मान घालूनही पाहिलं होतं.

"कबूल, महाराज. एकच अट. मी हात काढला की मिशीला दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये."

"आमच्या मिशीला हात लावायची छाती कोणाची आहे?" महाराजांनी पुन्हा पीळ दिला. "जो लावेल त्याची मिशी भर दरबारात उतरवू!"

"चिटणीस हे लिहून घेतील ना?" सुभानानं गरिबासारखं विचारलं. चिटणिसांनी लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सुभानानं मिशी अशी कोरली की दोरी लावून पाहावी. शेवटी एका डबीतलं काहीतरी दोन्ही टोकांना चोपडलं आणि तो दाराशी जाऊन बसला.

दरबार भरला. महाराजांना त्या दिवशी नेमकी वाघाची शिकार आठवली. वाघ झाडीतून निघाला, वाघानं झेप घेतली, वाघ पडला. वाघ पडल्यावरही शिकार बराच वेळ चालली.

तोफ झाली. आरसा आला. उजवं टोक डोळ्याला भिडलेलं, डावं हनुवटीवर!

"आण ती धोपटी," महाराज म्हणाले.

"आणतो. पण कोणाचा तरी हात लागलाय, महाराज. मी मिशीला तेलात कालवलेलं काजळ लावलं होतं. सगळ्यांचे हात बघू द्या."

एकेक हात पुढे आला. चिटणिसांची बोटं काळी निघाली आणि त्यांनी दुसऱ्या हातानं आपली मिशी झाकली. सुभानानं ती चोळून पाहिली. "ही शाई. वाळलीय. काजळ पसरलं असतं." चिटणिसांनी मिशीवरचा हात काढला.

"सगळे झाले?" महाराजांनी विचारलं.

"एक हात राहिला, महाराज."

महाराजांनी आपला उजवा हात उलटा करून पाहिला. अंगठा काळा, बोट काळं. पांढऱ्याशुभ्र अंगरख्यावरही पाच-सात ठसे उमटले होते. ते सकाळपासून सगळ्या दरबाराला दिसत होते, पण मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार?

कालचा कागद कुठे लपवावा ते चिटणिसांना कळेना.

"आज्ञा आमचीच आहे," महाराज पडेल आवाजात म्हणाले. "काढ वस्तरा."

सुभानानं धोपटी गुंडाळली. "जमायचं नाही, महाराज."

"राजाज्ञा मोडतोस?"

"आमच्या धंद्याचा दंडक तिच्याहून जुना आहे. आई नाहीतर बाप गेल्याशिवाय आम्ही कोणाची मिशी उतरवत नाही. थोरले महाराज गेले तेव्हा माझ्या बापानं तुमची उतरवली होती. आता आईसाहेब ठणठणीत आहेत. सकाळीच आचाऱ्याला झापत होत्या. त्यांना काय सांगू, महाराज, कोण गेलं म्हणून?"

महाराज असे हसले की गादीवरचा लोड खाली घरंगळला. हसता हसता उजवा हात मिशीकडे निघाला, अर्ध्या वाटेत थांबला आणि मुकाट्यानं मांडीवर परत आला.

"धोपटी राहू दे तुझ्याकडे. आणि हे घे!" त्यांनी त्याच हातातलं सोन्याचं कडं काढून सुभानाला दिलं.

सुभानानं मुजरा केला, कडं धोपटीतल्या फडक्यानं नीट पुसलं आणि मगच मनगटात घातलं.