महाराजांचा हुकूम आणि द्वारकेचा पहारा

हुकूम निघाला की त्याच क्षणी लागू झाला पाहिजे. एकदा लागू झाला की तो मागे फिरता कामा नये. आणि त्या हुकुमापायी खुद्द महाराजांचं कधीही अडता कामा नये. नांदुरगीच्या महाराजांनी संगणकाच्या खोलीला घातलेल्या या तीन अटी ऐकून दिवाणजींनी अदबीनं मान लववली. अशक्य गोष्टीला मान लववण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं.

नांदुरगी संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण महाराजांचे हुकूम विलीन व्हायचे राहून गेले होते. राजवाड्याचं हॉटेल झालं, हॉटेलाच्या मॅनेजरला दिवाणजी म्हणायची चाल पडली, आणि एके दिवशी कोणा वात्रटानं बाहेरून संगणकात शिरून हॉटेलाच्या वेबसाइटवरचं महाराजांचं चित्र काढलं आणि तिथं गाढवाचं लावलं. चित्र हुबेहूब आल्याचं दोन पाहुण्यांनी आवर्जून कळवलं. तेव्हा कुठे महाराजांनी फायरवॉल बसवली.

फायरवॉल म्हणजे संगणकाच्या वेशीवरचा पहारेकरी. कोणाला आत सोडायचं नि कोणाला नाही, याचे नियम त्याला द्यायचे. तो ते वरून खाली वाचतो, पहिला जुळेल तो पाळतो आणि पुढचे वाचायची तसदी घेत नाही. या बाबतीत त्याचं नि दिवाणजींचं छान जमायला हवं होतं. पण महाराजांना रोज नवा हुकूम सुचे. आज मेहुण्याचे निरोप बंद, उद्या राणीसाहेबांची भजनं चालू. दिवाणजी एकेक नियम हातानं टंकत आणि घातला की नाही हे न आठवल्यानं पुन्हा टंकत. एकदा तर त्यांनी ‘कोणालाही सोडू नये’ हा नियम वर घातला आणि ‘बुकिंग करणाऱ्यांना सोडावं’ हा त्याच्या खाली. ऐन दसऱ्यात राजवाडा ओस पडला. लोकांना हल्ली राजवाड्यांची गोडी उरली नाही, असा निष्कर्ष दिवाणजींनी काढला. मग एकदा वीज गेली आणि परत आली तेव्हा पहारेकरी सगळेच नियम विसरून बसला होता.

बागेतल्या माळ्याची मुलगी द्वारका बुकिंगचे फोन घेई. फोनच येईनासे झाल्यामुळे तिला विचार करायला सवड मिळाली होती. ती म्हणाली, सगळे नियम एका फाइलीत, नीट क्रमानं लिहू. ती फाइल एकाच आज्ञेनं चालवायची. जुने नियम पुसून नवे एकदम लागतील, आणि एकात जरी चूक असली तरी एकही लागणार नाही, जुनेच राहतील. दहा वेळा चालवली तरी फळ तेच. वीज येताच ती आपोआप चालेल.

महाराजांना हे पटलं. म्हणूनच त्यांनी त्या तीन अटी घातल्या. एक जरी मोडली तरी द्वारकेच्या बापाला बागेतलं घर सोडावं लागेल, हेही जाताजाता सांगितलं. द्वारकेनं अटी पुन्हा एकदा ऐकवायची विनंती केली, लक्ष देऊन ऐकल्या आणि कामाला लागली.

पुढे महाराज हवापालटाला पाचगणीला गेले. लॅपटॉप उचलायला दिवाणजी सोबत होते. तिथं सकाळच्या चहाबरोबर महाराजांनी एका पाहुण्याचा अभिप्राय वाचला. सिंहासन मोडकं असून त्यावर ढेकूण आहेत, असं त्यानं लिहिलं होतं. महाराज संतापले आणि त्यांनी तिथूनच लॅपटॉपवरून हुकूम सोडला, की बाहेरचा कोणीही आत येता कामा नये, अपवाद एकही नाही.

हुकूम त्याच क्षणी लागू झाला. लॅपटॉपचा पडदा मुका झाला, कारण महाराजही बाहेरच होते. पहारेकरी हुकुमाचा पक्का. त्यानं धन्याला ओळख दाखवली नाही. महाराजांनी कळा बडवल्या, आपलं नाव सर्व किताबांसकट टंकलं. दिवाणजींच्या चेहऱ्यावर दुःख होतं, पण ते फार मेहनतीनं आणलेलं होतं.

चहा निवायच्या आत पडदा बोलू लागला. सगळं पूर्ववत झालं होतं. दिवाणजींनी तत्परतेनं लक्षात आणून दिलं की हुकूम मागे फिरला, म्हणजे दुसरी अट मोडली.

दुसऱ्या दिवशी नांदुरगीला परतून महाराजांनी दरबारात द्वारकेला उभं केलं. बाप दाराशी पागोटं हातात घेऊन उभा होता.

“आमचा हुकूम कोणी फिरवला?” महाराजांनी विचारलं.

“कोणी नाही, महाराज. तो अजून हुकूम झालाच नव्हता.” मग ती दिवाणजींकडे वळली. “दिवाणजी, जुन्या काळी मोहोर न उमटलेला हुकूम काय समजत?”

दिवाणजींना उत्तर ठाऊक होतं, हेच त्यांचं दुर्दैव. “कोरा कागद,” ते पुटपुटले.

“माझी फाइल नियम लगेच लावते,” द्वारका म्हणाली, “आणि महाराजांना विचारते, कायम करू का? ‘हो’ आलं की मोहोर उमटली. मग तो हुकूम कोणाच्या बापालाही फिरवता यायचा नाही. थोड्या वेळात उत्तर आलं नाही, तर जुने नियम पुन्हा जागेवर. काल तिनं विचारलं, पण आपलं उत्तर आलं नाही.”

“येणार कसं?” महाराज कडाडले. “आम्ही बाहेर अडकलो होतो!”

“म्हणूनच, महाराज. ज्या हुकुमाला आपण ‘हो’ म्हणू शकता, त्यानं आपलं अडलेलं नसतं. आणि ज्यानं आपलं अडतं, त्याला आपण ‘हो’ म्हणूच शकत नाही.”

महाराजांनी ते वाक्य मनात एकदा सुलट फिरवलं, एकदा उलट फिरवलं. कुठूनच फट सापडेना. मग त्यांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदा हसले की सिंहासनाचा उरलासुरला पायही कुरकुरला.

त्यांनी सगळी बाग माळ्याच्या नावे करून दिली आणि अंगावरची शाल द्वारकेच्या खांद्यावर घातली. संगणकाच्या खोलीची किल्ली त्यांनी दिवाणजींकडून मागून घेतली आणि तीही तिला दिली. या तिन्ही हुकुमांवर त्यांनी तिथल्या तिथे मोहोर उमटवली. शाई दिवाणजींनी धरली होती.