मळेकरी आणि व्हिलन

व्हिलन म्हटलं की आपल्याला सिनेमातला दुष्ट माणूस आठवतो. पण फार जुन्या काळी या शब्दाचा अर्थ एवढाच होता, की जमीनदाराच्या शेतावर राबणारा माणूस. त्याचा दुष्ट कसा झाला ते मी पाहिलेलं नाही. पण अशा गोष्टी कशा होतात, ते मला चांगलं ठाऊक आहे.

एका गावाभोवती कोट होता. आत वाणी, सोनार, कारभारी राहत. बाहेर भाजी पिकवणारे मळेकरी राहत. एकदा आत कोणाचा तरी तांब्या हरवला, तेव्हापासून वेशीतून बाहेर पडताना प्रत्येक मळेकऱ्याने घोंगडी झाडून दाखवायची, असा नियम झाला. तांब्या मालकाच्याच परसात सापडला. नियम मात्र तसाच राहिला.

सटवाजी हा त्यातलाच एक मळेकरी. तो रोज घरोघरी भाजी घाली आणि निवडलेल्या भाजीचे देठ, साली पाटीत भरून खतासाठी नेई. एके दिवशी गुणाप्पा शेटच्या सुनेचा, गिरिजेचा, सोन्याचा तोडा नाहीसा झाला. सकाळी परसात कोण आलं होतं? सटवाजी. वेशीवर त्याच्या घोंगडीत काही सापडलं नव्हतं, म्हणून तर संशय आणखी पक्का झाला. एवढा सराईत! पाटीतल्या घाणीत मात्र कोणी हात घातला नव्हता. पंचांनी सांगितलं, आठ दिवसांत तोडा आला नाही तर सटवाजीने मळा सोडून जावं.

सहाव्या दिवशी खत उपसताना सटवाजीच्या फावड्याला तोडा लागला. त्याची बायको तुळसा घाबरली.

"नेऊन दिला तरी चोर, ठिवला तरी चोर," ती म्हणाली. "हिरीत टाका अन् गप बसा."

सटवाजी तोडा घेऊन विहिरीच्या काठापर्यंत गेला. मग म्हणाला, "आत टाकला, तर ते म्हणत्यात ते खरं हुईल."

तो वेशीवर गेला आणि रखवालदाराला म्हणाला, माझी झडती घे. रखवालदार हसला. आत येणाऱ्याची झडती कधीच होत नसे. मळ्यातून गावात काही मोलाचं येईल, असं कोणाच्या मनातच आलं नव्हतं. सटवाजीने मग स्वतःच घोंगडी झाडली. वेशीवरच्या सगळ्यांसमोर तोडा खाली पडला. गलका ऐकून गुणाप्पा शेट घरच्या माणसांसह धावत आला.

"भ्यालास, म्हणून आणलास," गुणाप्पा शेट म्हणाला. लोकांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात गिरिजा पुढे आली. तोड्याच्या फिरकीत मेथीचा वाळका देठ अडकला होता, तो तिने काढला. तोडे घालून भाजी निवडायची नाही, अशी सासूची सक्त ताकीद होती. त्या भीतीने ती सहा दिवस गप्प होती.

"मेथी मी निवडली, पाटीही मीच भरून दिली," ती म्हणाली. "चूक माझी आहे, मामंजी."

शेट खजील झाला. त्याने सटवाजीचे हात धरून क्षमा मागितली, आणि ती मनापासून मागितली. घोंगडी झाडण्याचा नियमही बंद झाला. सटवाजीला वाटलं, सुटलो.

महिन्याभराने एका वाण्याने गुळात माती मिसळून तो शेटच्या गळ्यात मारला. भर बाजारात शेट त्याच्यावर ओरडला, "अरे, तू वाणी आहेस की मळेकरी?"

समोरच सटवाजी शेटच्याच घरासाठी वांगी निवडत होता. त्याने किडकं वांगं बाजूला टाकलं, चांगलं पाटीत ठेवलं आणि मान वर केली नाही.

तात्पर्य: खोटा ठरलेला आळ माणसावरून उतरतो, पण शब्दाला चिकटून राहतो, म्हणून कोणाच्या कामाच्या नावाने शिवी देण्याआधी, आपल्या ताटातलं अन्न कोणी पिकवलं ते आठवावं.